याकोमिना आणि कोंबड्यांचे डोळे

याकोमिना हाझेलेखरने जन्मात कधी डोळ्यांना काही लावलं नाही. काजळ नाही, रंग नाही, मस्कारा तर नाहीच नाही. तिच्या चर्चच्या मंडळीत बायकांनी नटणं म्हणजे सैतानाला आपणहून कॉफीला बोलावणं. काळे पायमोजे, पोटरी झाकणारा झगा, रविवारी चर्चला जाताना टोपी, संपला शृंगार. आणि अशा या बाईने उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्या बायकांच्या पापण्यांचे रंग डोळ्यांना झोंबणार तर नाहीत ना, हे बघण्यात घालवली. आम्ही तिला चिडवायचो. ती शांतपणे म्हणायची, "दारूच्या दुकानात गल्ल्यावर न पिणाराच बसवावा."

आमच्या फेलुवे भागात दोन गोष्टी मुबलक: कोंबड्या आणि चर्चं. चर्चं इतकी, की दोन सख्खे भाऊ रविवारी एकाच घरातून निघून दोन वेगळ्या दिशांना जायचे आणि सोमवारी एकमेकांशी जपून बोलायचे. याकोमिना यांतल्या सगळ्यांत कडक चर्चची, आणि बाप कोंबड्या पाळणारा. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

गावाबाहेर पाइनच्या झाडांमागे आमची प्रयोगशाळा होती. शाम्पू, साबण, क्रीम, डोळ्यांचे रंग, यांत जे जे घालतात ते आमच्याकडे बाटल्यांतून यायचं. चुकून डोळ्यात गेलं तर काय होईल, ते आम्ही सांगायचं. माणसाच्या डोळ्यात घालून बघता येत नाही, म्हणून सशाच्या डोळ्यात घालायचं. सशाच्या डोळ्याला पाणी कमी सुटतं. घातलेलं वाहून जात नाही, जागच्या जागी राहतं. म्हणजे ज्याला धड रडता येत नाही, नेमकी त्याची परीक्षा. मी तिथं सूक्ष्मदर्शकावर बसायचे. याकोमिना आली ती सशांची देखभाल करायला.

ससे मांडीवर धरायचं काम तिचं. डॉक्टर थेंब टाकायचे, ती सशाचे कान हलक्या हाताने मागे दाबून धरायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहायची. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सायकली लावायची पडवी होती.

एकदा मी तिला म्हटलं, "तू शेतकऱ्याची पोर. कोंबडीची मान मुरगळताना तुझा हात कधी थरथरत नाही. मग सशाचं एवढं काय?"

"खायला मारणं वेगळं," ती म्हणाली. "देवाने ते दिलंय. सशाच्या डोळ्यांत शाम्पू घालायला कुठं सांगितलंय, ते मला अजून सापडलं नाही."

आमचे डॉक्टर सीब्रेन पोस्तमा मूळचे उत्तरेकडच्या फ्रीसलंडचे, देवधर्म काही न मानणारे. रविवारी सगळं गाव चर्चच्या वाटेवर असताना हे सायकलवरून मुद्दाम शीळ घालत जायचे. पण सशांबद्दल त्यांचं आणि याकोमिनाचं बरोब्बर एक मत. बर्लिनची भिंत पडली त्याच्या आगेमागे त्यांच्या डोक्यात आलं, की कत्तलखान्यात रोज हजारो कोंबड्या कापल्या जातात, त्यांची डोकी फुकट जातात, आणि त्या डोक्यांत डोळे असतात. मेलेल्या कोंबडीचा डोळा ताजा असेपर्यंत जिवंत सशाचं काम करू शकेल.

"हाझेलेखरबाई," त्यांनी विचारलं, "गावच्या कत्तलखान्याचा मालक तुमच्या चर्चमधलाच ना?"

"लुबर्ट ब्लांकेस्पोर. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. माझ्या वेण्या शाईत बुडवायचा."

"मग तो तुमचं देणं लागतो."

लुबर्टने डोकी फुकट दिली. नाहीतरी ती फरसाठी पाळलेल्या मिंक प्राण्यांच्या खाद्यात जायची. याकोमिना सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सकाळी प्रयोगशाळेची गाडी घेऊन जायची आणि ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या, अजून कोमट असलेल्या डोक्यांची पेटी शेजारच्या सीटवर ठेवून, पट्टा बांधून आणायची. मग पापणी कापायची, डोळा अलगद काढायचा, पोलादाच्या चिमट्यात उभा बसवायचा, वरून मिठाच्या पाण्याची संतत धार. त्यावर तपासायची वस्तू टाकायची, लगेच धुवायची, आणि मग मी बघत बसायचे: डोळा गढूळ होतो का, सुजतो का. चांगला डोळा काचेसारखा लख्ख राहायचा. वाईट वस्तू पडली की उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा.

सशांची खोली रिकामी झाली. याकोमिनाने ती स्वतः घासून काढली आणि तिथं कोट टांगायच्या खुंट्या लावून घेतल्या.

काही वर्षं हे सुरळीत चाललं. मग लुबर्ट चर्चचा 'वडील', म्हणजे मंडळीच्या वागण्यावर नजर ठेवणारा, म्हणून निवडला गेला आणि त्याला अंतःकरण फुटलं.

त्यांच्या मंडळीत वर्षातून एकदा असे दोन वडील घरी भेटीला येतात. आत्म्याचं कसं काय चाललंय ते विचारतात, एक कॉफी आणि एक बिस्किट घेतात. दुसरं बिस्किट विचारायची पद्धत नाही. त्या वर्षी याकोमिनाकडे लुबर्ट आला आणि त्याच्याबरोबर आणखी एक म्हातारे वडील, जे कॉफीखेरीज कशात लक्ष घालत नसत. दुसऱ्या दिवशी याकोमिनाने मला सगळं सांगितलं. डोळे काढता काढता, मान वर न करता.

लुबर्ट शाळेपासून तिला अगंतुगं करणारा. त्या दिवशी काळा कोट घालून आलेला, म्हणून "तुम्ही" म्हणाला.

"याकोमिनाबाई, तुमच्या कामाबद्दल मंडळीत बोललं जातंय."

"कोण बोलतंय?"

"बोललं जातंय. तुम्ही बायकांच्या तोंडाच्या रंगांचं काम करता. बायबलातल्या त्या राणीने डोळे रंगवले आणि खिडकीत उभी राहिली, तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको."

"कुत्र्यांनी खाल्लं तिला."

"हां."

"पण डोळे रंगवले म्हणून नाही, लुबर्ट. तिने एकाचा मळा बळकावला, खून पाडला."

"रंगवलेही होते," लुबर्ट म्हणाला.

"मी कुणाला रंगवत नाही. जी लावणारच आहे ती आंधळी होऊ नये, एवढं बघते."

"पाप करणाऱ्याला पाप सोपं करून देणं, हेही पापच."

याकोमिनाने कॉफी ओतली. मग म्हणाली, "आणि डोळे कुणाकडून येतात, लुबर्ट?"

त्या म्हाताऱ्या वडिलांनी तेवढ्यापुरती कपातून मान वर काढली म्हणे. लुबर्ट लाल झाला. त्याने हे आधी लक्षात घेतलं नव्हतं असं नाही. तो खरोखर विचार करणारा माणूस होता, त्याचा त्रास तोच होता. तो म्हणाला, "बरोबर आहे. मीही दोषी आहे. सोमवारपासून डोकी बंद."

आणि निघताना दाराशी सांगून गेला, की ती हे काम सोडत नाही तोवर तिने प्रभुभोजनाला बसू नये.

हे तिला लागलं. आमच्यासारख्या बाहेरच्यांना त्यात काय एवढं, असं वाटेल. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. पण भरल्या चर्चमध्ये सगळे उठून पांढऱ्या चादरीच्या त्या टेबलाशी जातात आणि आपण एकटीने बाकावर बसून राहायचं, म्हणजे काय ते तिने मला एकदाच सांगितलं: "सगळे मागे न बघता जातात. ते मागे बघत नाहीत, तेच दिसतं."

तरी तिने काम सोडलं नाही. आणि डोकी बंद झाली.

याकोमिना दूरच्या एका कत्तलखान्यात गेली. तिथल्या माणसाने आनंदाने डोकी दिली, पण रस्ता लांबचा, वाटेत पूल उघडलेला, नावा जाईपर्यंत खोळंबा. आणेपर्यंत डोळे काहीही न घालताच गढूळ. मी सूक्ष्मदर्शकातून बघून मान हलवली. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिकडे बाटल्या साठत चाललेल्या, कंपन्यांचे फोन येत होते. शेवटी एका संध्याकाळी डॉक्टरांनी टोपी हातात घेऊन तिला सांगितलं, "हाझेलेखरबाई, गुरुवारी ससे येतील. माझा इलाज नाही."

लुबर्टच्या अंतःकरणाची टोचणी थांबली आणि तिचा भार सशांवर पडला. याकोमिनाने खुंट्यांवरचे कोट काढले, पिंजरे धुतले, आणि गुरुवारपासून पुन्हा ससा मांडीवर घेऊन पडवीकडे बघायला लागली. आता ती त्यांच्याशी काहीतरी पुटपुटायची. मी कान देऊन ऐकलं. ती स्तोत्रं म्हणत होती.

त्याच उन्हाळ्यात लुबर्टच्या मुलीचं, लाइस्बेतचं लग्न निघालं. पोरगी गोड, पण पापण्या वासरासारख्या पांढऱ्या. डोळे आहेत की नाहीत ते जवळ गेल्याशिवाय कळू नये. इतकी वर्षं तिला त्याचं काही नव्हतं, पण लग्नाचा फोटो आयुष्यभर भिंतीवर राहतो. तिने आमेर्सफोर्टच्या बाजारातून कुणा बाईने घरी केलेला मस्कारा गुपचूप आणला. डबीवर पानाफुलांचं चित्र आणि खाली लिहिलेलं: शंभर टक्के नैसर्गिक. ती मनाशी म्हणाली, नैसर्गिक म्हणजे देवानेच केलेलं, मग बाबांना तरी काय हरकत?

लग्नाच्या सकाळी याकोमिनाचा फोन वाजला. लुबर्टची बायको आलेडा बोलत होती, कुजबुजत.

"याकोमिना, पळत ये. लाइस्बेतचे डोळे."

"काय झालं डोळ्यांना?"

"नाहीतच! सुजून मिटलेत. रडतेय नुसती. लुबर्ट खाली टायच्या गाठीशी झगडतोय, त्याला कळायच्या आत ये. गावच्या डॉक्टरला बोलवता येत नाही गं, तो चर्चमध्ये याच्या शेजारी बसतो."

जिला लुबर्टने टेबलावरून उठवलं, तिला त्याच्याच बायकोने त्याच्याच माडीवर बोलावलं. वाकडं बोलायची इतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. याकोमिना बोलली नाही. तिने घरातली मिठाच्या पाण्याची बाटली घेतली, रविवारची टोपी डोक्यावर चढवली आणि सायकल हाणली. लुबर्टने तिला दारात पाहिलं. लग्नाला सगळं गाव बोलावलेलं, त्यात ती लवकर आली एवढंच त्याला वाटलं असावं.

वर लाइस्बेत पांढऱ्या झग्यात पलंगावर बसलेली, गालांवरून काळे ओघळ.

"मान मागं कर. डोळा उघड."

"उघडत नाही, मावशी."

"मी उघडते. झग्याखाली टॉवेल घाल, आलेडा. काय लावलंस पोरी?"

लाइस्बेतने डबी पुढे केली. याकोमिनाने हुंगली. कापूर आणि रोझमेरीचं तेल, भरपूर.

"नैसर्गिक आहे, मावशी," लाइस्बेत हुंदके देत म्हणाली.

"खाजकुयलीही नैसर्गिकच असते. हलू नकोस."

तिने धार धरली, एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. आलेडा खाली पसरट भांडं धरून उभी. सूज उतरली, डोळे उघडले. काळ्याचा मागमूस राहिला नाही. पण आतून लालभडक, आणि पाणी काही केल्या थांबेना.

"दिसतंय?"

"दिसतंय. पण पाणी..."

"पाणी येऊ दे. ते राहिलेलं धुऊन काढतंय. चोळायचं नाही, काही झालं तरी चोळायचं नाही. रुमाल फक्त गालाला लावायचा."

आणि लाइस्बेत तशीच चर्चला गेली. नगरभवनात सही करताना रडत होती, चर्चच्या मधल्या वाटेने चालताना रडत होती, पाळकांनी उपदेश सुरू केला तेव्हा रडतच होती. नवरा तोनिस पहिल्यांदा घाबरला, मग त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. उपदेश सुरू झाला की बाकाबाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात, त्या थांबल्या. पाळक उपदेश मध्येच थांबवून म्हणाले, की आजकाल नवऱ्यामुली फोटोसाठी हसत येतात. देवासमोर उभं राहण्याचं गांभीर्य ओळखून अश्रू ढाळणारी मुलगी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. अशा घराचे संस्कार धन्य. लुबर्टने जोरात नाक शिंकरलं. पहिल्या रांगेत आलेडा जमिनीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, तीही रडतेय.

नंतर सभागृहात कॉफी आणि केक. लुबर्ट याकोमिनाजवळ आला. त्या दिवशी तो बाप होता, वडील नव्हता, म्हणून "तू" म्हणाला.

"पाहिलंस, याकोमिना? रंगवलेल्या डोळ्यांतून असले अश्रू आले असते का?"

याकोमिना खोटं बोलत नसे. तिने केकचा घास सावकाश चावून गिळला.

"अश्रू खरे होते, लुबर्ट," ती म्हणाली. "तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन."

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात लुबर्टची गाडी उभी राहिली. आत आलेडा, आणि शेजारच्या सीटवर पट्टा बांधलेली पेटी.

"ही घे तुझी डोकी," ती म्हणाली. "उद्यापासून मीच आणेन."

"आणि लुबर्ट?"

"मी त्याला म्हटलं, मला डोकी हवीत. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, पंचवीस वर्षं तुझा संसार केला, कधी काही मागितलं? त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाला, मी प्रयोगशाळेला काही देत नाही. मी बायकोला देतो. बायको काय करते, ते बायकोने देवाला सांगावं."

"मग तू काय सांगणार?"

"मी देवाला सांगेन, लाइस्बेतला विचार."

प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र राहिला होता. तोही लुबर्टनेच सोडवला. न्यायी माणूस होता, आणि मुलीच्या लग्नानंतर थोडा मऊ झाला होता. पुढच्या भेटीला तो पुन्हा काळा कोट घालून आला.

"याकोमिनाबाई, तुमच्याकडे साबणही तपासायला येतो, असं ऐकतो."

"येतो. भांड्यांचा, कपड्यांचा, हातांचा."

"स्वच्छतेला मंडळीची हरकत नाही. म्हणजे तुम्ही साबण तपासता."

"साबणही तपासते."

"तो 'ही' काढा."

"काढता येत नाही, लुबर्ट. आहे तो."

लुबर्ट बराच वेळ दुसऱ्या वडिलांकडे बघत बसला. ते कॉफी पीत होते. शेवटी तो म्हणाला, "माझा उजवा कान हल्ली कमी ऐकतो." आणि बिस्किट घेऊन उठला. पुढच्या खेपेला याकोमिना टेबलाशी जाऊन बसली. कोण कुठं बघत होतं, याकडे तिने लक्ष दिलं नाही.

ससे पुन्हा गेले. ज्यांच्या डोळ्यांत अजून काही पडलं नव्हतं असे दोघे उरले होते. डॉक्टरांनी नजर दुसरीकडे केली आणि याकोमिनाने ते घरी नेले. आमच्याकडची हान्ना, शाकाहारी मुलगी, तिचं मन भरून आलं. तिने दोघांसाठी टोपलीभर गाजरं पाठवली. नाताळानंतर तिने विचारलं, "कसे आहेत तुमचे ससे?"

"छान होते," याकोमिना म्हणाली. "माझा भाऊ आला होता जेवायला. आलुबुखारे घालून शिजवले. तुझ्या गाजरांनी चव आली हो."

हान्ना तिच्याशी वसंत ऋतूपर्यंत बोलली नाही. याकोमिनाला यातलं चुकलं कुठं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीटसं सांगता येणार नाही.

वर्षं गेली. कोंबडीच्या डोळ्याची पद्धत देशोदेशींच्या सरकारांनी मान्य केली. डॉक्टर पोस्तमा ते बघायला राहिले नाहीत. आपल्या प्रेतयात्रेत धर्माचं काही नको असं ते बजावून गेले होते, म्हणून याकोमिना कबरीशी नुसती उभी राहिली, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायलाच युरोपात बंदी आली आणि डब्यांवर उड्या मारणाऱ्या सशाचं चित्र छापून यायला लागलं. कोंबडीचं चित्र कुणी छापलं नाही.

याकोमिना निवृत्त झाली तेव्हा नवे संचालक आले होते, तरुण, पांढरे बूट घालणारे. त्यांनी तिला बशीत वाढवलेला बुबुळावरचा पडदा दाखवला. माणसाच्या पेशींपासून केलेला, नखाएवढा, पारदर्शक.

"आता डोकी नकोत, कत्तलखाना नको," ते म्हणाले.

याकोमिनाने चष्मा पुसून वाकून पाहिलं. "कुणाच्या पेशी?"

"कुणीतरी दान दिलेल्या. नावं आपल्याकडे येत नाहीत."

"त्याला कुणी विचारलं का, रंग तपासायला चालतील का म्हणून?"

संचालक हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत.

मग भाषण झालं. या इमारतीत एकाही जिवाला इजा होत नाही, याचं श्रेय याकोमिनाबाईंसारख्यांना आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. तिला एका मोठ्या कंपनीकडून आलेली शोभिवंत पेटी भेट मिळाली, आत तऱ्हेतऱ्हेचे डोळ्यांचे रंग. तिने त्यातला प्रत्येक बाहेर काढून मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची नावं वाचली. निम्म्याहून अधिक तिच्या ओळखीची होती. वाचून झाल्यावर पेटी तिने हान्नाकडे सरकवली.

जेवायला कोंबडीच्या रश्श्याने भरलेल्या खुसखुशीत पुऱ्या होत्या, आमच्याकडे समारंभाला करतात तशा. याकोमिनाने दोन खाल्ल्या, तिसरी कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, सगळ्यांशी हात मिळवले आणि सायकल काढली. वारा समोरून होता. ती पाइनच्या झाडांपर्यंत उभं राहून पायडल मारत गेली.